घसाऱ्यावरची हाळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नोकरीची सगळी वर्षं मी एएनएम म्हणून काढली – खेड्यातल्या भाषेत नर्सबाई – आणि त्यातला निम्मा वेळ अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी भांडण्यात गेला. ताप आलेल्या पोरावरून लिंबू उतरवणाऱ्या आयांना मी असं फैलावर घ्यायची, की मला लांबून बघितलं तरी त्या लिंबं पदराखाली लपवायच्या. आता मीच असलं काही लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात दोन दिवस माझी थट्टा चाललीय. सूनबाई हे सदर नेमानं वाचते, तिनंच भरीस घातलं. "आई, तुम्ही घसाऱ्याची गोष्ट लिहाच." लिहिते बाई. पण वाचून झाल्यावर मला कुणी पूजा-शांत करायला सांगू नका, एवढी विनंती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी बदली घाटघरला झाली. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अगदी तोंडाशी असलेलं गाव. माझं माहेर-सासर दोन्ही नारायणगावच्या बाजूचं, टोमॅटोच्या सपाट रानातलं. डोंगर मी पाहिलेला तो एसटीच्या खिडकीतून. घाटघरला पहिल्या पावसाळ्यात समोरचा माणूस धुक्यात दिसेना, कपडे आठ-आठ दिवस वाळेनात, तेव्हा खोलीत बसून चक्क रडले होते मी. साहेबांना बदलीचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. तो अर्ज पेटीत तसाच राहिला, त्याला कारण चिमामामा.

चिमामामा घाटघरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवरच्या एका वाडीत राहायचे. वाडीचं खरं नाव सांगत नाही, उंबरवाडी म्हणू. अंगानं सडपातळ, वय साठीच्या आसपास, थोडी भातशेती आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, एवढाच संसार. माझी उंबरवाडीची फेरी महिन्यातून दोनदा असायची – लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, गोळ्या. पहिल्या फेरीला मामा मला न्यायला आले आणि त्यानंतर प्रत्येक फेरीला येतच राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. बदल्यात माझ्या खोलीवर एक कप चहा, त्यात साखर चार चमचे. त्यावरून आमची भांडणं ठरलेली. "मामा, एवढी साखर बरी नव्हे." "बाय, तुमी सुया टोचा. च्याचं मला कळतंय."

आता घसारा म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच घडली. उंबरवाडीची वाट एका उभ्या कड्याच्या पोटातून आडवी जाते. मधे शंभर-सव्वाशे पावलांचा असा पट्टा आहे की तिथं कातळ नाही, नुसता मुरूम, माती आणि सुटे धोंडे. वर कडा, खाली खोल घळ. पाय ठेवला की माती खाली सरकते. हाच घसारा. उन्हाळ्यात पोरंसोरंही त्यावरून पळत जातात. पण पावसाळ्यात डोंगर पाणी पिऊन जड झाला की कधी वरून धोंडा सुटेल आणि कधी अख्खा पट्टाच खाली जाईल, याचा नेम नसतो.

मामांचे घसाऱ्याचे कायदे होते. सरकारी नियम मी एखादवेळ मोडला असेल, पण मामांचे मोडायची प्राज्ञा नव्हती. घसारा सुरू होण्याआधी कातळातून एक झरा पाझरायचा. आधी त्याचं पाणी ओंजळीत घेऊन बघायचं. नितळ असेल तर पुढं, गढूळ असेल तर माघारी. आणि रोज वाहणारा झरा एकदम बंद झाला असेल तर उभंसुद्धा राहायचं नाही, पळत सुटायचं. मग छत्री मिटायची. भर पावसात! मी पहिल्यांदा कुरकुरले तेव्हा म्हणाले, "छत्रीवर पाऊस वाजतुया. वरनं धोंडा सुटला तर ऐकू कसा येनार तुमाला?" पिशवी गळ्यात अडकवायची नाही, एका खांद्यावर सैल ठेवायची, वेळ आली तर टाकून पळता यावं म्हणून. बोलायचं नाही. वरच्या अंगाला लक्ष ठेवायचं, खाली घळीत बघायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा कायदा – दोघांनी एका वेळी घसाऱ्यावर असायचं नाही. एकजण आधी जाणार. पलीकडे करवंदीच्या जाळीपाशी सपाट खडक होता, त्यावर पोचून तो हाळी देणार. मगच दुसऱ्यानं पाऊल टाकायचं. "डोंगरानं न्यायचं ठरीवलं तर एकालाच न्यावं. दुसरा मागं उरला तर मानसं तरी बोलवील," हे मामांचं गणित. वाडीतली सगळीच माणसं तसंच करायची. लग्नाचं वऱ्हाड असलं तरी एकेक करूनच जायचं, नवरदेवसुद्धा अलीकडे ताटकळत उभा.

मामा नेहमी पुढं जायचे. पलीकडून त्यांच्या दोनच हाळ्या असत. सगळं ठीक वाटलं तर "ये!" आणि काही खटकलं तर "बस!" बस म्हणजे आहे तिथंच बूड टेकायचं, आणि पुन्हा हाळी येईपर्यंत उठायचं नाही. पहिलं वर्षभर ते "या!" आणि "बसा!" म्हणायचे. नंतर कधीतरी मी त्यांच्या लेकीसारखी झाले आणि त्याचं "ये" आणि "बस" झालं. मला ते इतकं बरं वाटलं होतं, की त्या दिवशी घरी नवऱ्याला पत्रात कळवलं.

एकदा त्यांनी मला धो-धो पावसात अर्धा तास बसवून ठेवलं. वरून एक खडासुद्धा पडला नाही. मी पलीकडे पोचले ती तणतणतच. "मामा, काय झालं होतं हो एवढं? भिजून माझा पार लगदा झालाय." मामा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "काय न्हाई झालं. म्हनून तर तू भांडाया हितं आलीस."

तर ते साल. मामांना अंतर्गळ होती, हर्निया. ओझी वाहून वाहून वाढलेली. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. शेवटी भातलावणी उरकल्यावर एकदाचे तयार झाले आणि नारायणगावच्या एका दवाखान्यात ऑपरेशनला गेले. सोबत मुलगा. इकडे घरी मामी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक जनी. जनीला आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या बाजूला दिलेली. पहिलटकरीण. आठवडाभर आधीच मी तिला तपासून आले होते आणि मला काळजी लागली होती, कारण मूल पायाळू होतं. डोकं वर, पाय खाली. दिवस भरायला तीन आठवडे होते. मामींना मी बजावलं होतं, "पुढच्या सोमवारी हिला जुन्नरला हलवायची. इथं ठेवायची नाही." मामा दवाखान्यात जाताना एसटीत चढले, पुन्हा खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जनीकडं बघ, बाय. एकच पोरगी हाय." मामांना तसा आवाज काढताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवार उजाडलाच नाही. शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला वाडीतला तुकाराम माझ्या दारात. चिखलानं माखलेला, धाप लागलेली. "बाई, जनीचं पानी गेलंय. पहाटंपास्नं कळा येत्यात. लई वरडतीया." पाच दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. एसटी काल संध्याकाळपासून बंद, फोन बंद. मी तुकारामला म्हटलं, "तू असाच खाली जा, मिळेल त्या जीपनं डॉक्टरांना घेऊन ये. मी निघते." तो घुटमळला. "एकल्या जानार? घसारा हाय." "तू आत्ताच आलास ना त्यावरून?" "आलो की." "मग झालं तर."

मोठ्या तोऱ्यात निघाले खरी. पिशवीत डिलिव्हरीचं सामान, सलाइन, इंजेक्शनं. वाटेत डोक्यात एकच – पायाळू मूल, पहिली खेप. वाडीतल्या सुईणीचा हात चांगला होता, पण पायाळू मुलाचा पाय दिसला की माणूस घाबरून ओढतो, आणि ओढलं की डोकं अडकतं. मग मूलही जातं आणि आईचंही काही सांगता येत नाही. मला तिथं पोचायचं होतं, बस. बाकी मला काही सुचत नव्हतं.

झऱ्यापाशी आले तेव्हा घड्याळात साडेनऊ. धुकं इतकं की घसारा वीस-पंचवीस पावलांपुढं दिसत नव्हता, पलीकडचा खडक तर नाहीच. मी ओंजळीत पाणी घेतलं. नितळ. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं याच्यावर बरीच चर्चा झाली आमच्या घरात. पाणी नितळ होतं, मी ते प्यायलेसुद्धा. छत्री मिटली. पिशवी एका खांद्यावर घेतली. कान देऊन ऐकलं, वरून काही सुटल्याचा आवाज नाही. मामांच्या कायद्याप्रमाणे सगळं पास.

आणि मी उभी राहिले.

का उभी राहिले? हाळीची वाट बघत! इतक्या वर्षांची सवय. माझ्या पुढं कुणी गेलेलंच नव्हतं, तर हाळी देणार कोण? एक-दोन मिनिटं अशी बावळटासारखी उभी राहिल्यावर माझं मलाच कळलं. हसूही आलं आणि रागही आला. तिकडे पोर जीव तोडून ओरडतेय आणि तू इथं हवेची परवानगी मागत उभी आहेस, बयो! मी पदर खोचला आणि पाऊल उचललं.

"बस!"

पलीकडून. जाळीपाशी खडक आहे, बरोब्बर तिथून. मामांचा आवाज. तोच किंचित चिरका सूर, शेवटचा 'स' लांबवायची तीच लकब. मी पटकन पाय मागे घेतला आणि काय म्हणाले असेन? "अहो मामा, तुम्ही कधी आलात?" अगदी सहज. मला वाटलं दवाखान्यातून पळून आलेला दिसतोय म्हातारा, टाके तोडून घेणार. दोन क्षण मी त्यांना रागवायचे शब्दसुद्धा जुळवत होते. मग लक्षात आलं की कालच एसटीच्या ड्रायव्हरकडून निरोप आला होता, गुरुवारी ऑपरेशन झालं, अजून पलंगावरून उठू देत नाहीत.

घाबरले मी. खोटं कशाला सांगू.

पण त्याहून मोठी होती ती घाई. मी ओरडले, "कोण आहे तिकडं? वाट सोडा, जनी अडलीय! मला जायचंय!" उत्तर नाही. नुसता पाऊस. म्हटलं भास, रात्री झोप धड नव्हती. पुन्हा निघाले. एक पाऊल मुरमात टाकलं, दुसरं टाकणार...

"बस गं!"

यावेळी वैतागून. मी ऐकत नाही म्हटल्यावर मामा जसे वैतागायचे तस्सं. आणि मी बसले. भीतीनं नाही. त्या आवाजानं "बस" म्हटलं की माझे गुडघे आपोआप वाकायचे, तसे वाकले. झऱ्याच्या अलीकडच्या कातळावर मागे सरकून बसले आणि अक्षरशः रडायला लागले. मी इथं बसलेय आणि तिकडे त्या पोरीचं काय होत असेल? मामांनी माझ्या हातात दिलेली पोर. घड्याळाचा काटा बघत होते. नऊ पस्तीस. छत्तीस. पाच मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते ज्यानं बाळंतपण केलंय त्यालाच माहीत. मी मनात मामांना इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. म्हटलं, मूल गेलं तर तुमचं तोंड बघणार नाही मी.

अडतीसला झऱ्याकडे लक्ष गेलं. पाणी तांबडं झालं होतं. बघता बघता गाळ यायला लागला आणि मग... झरा थांबला. धार तुटली ती तुटलीच. ओल्या मातीचा वास सुटला, नुकतं शेत नांगरल्यावर येतो तसा, पण कितीतरी दाट. मी उठून मागे पळाले. पंधरा-वीस पावलं गेले असेन, तोच वर काहीतरी कडाडलं आणि पायाखालची जमीन थरथरली. मागे वळून बघितलं तर घसारा चाललेला. एखाद-दुसरा धोंडा नव्हे, सगळा पट्टा, झाडाझुडपांसकट, खाली घळीत. किती वेळ चाललं कोण जाणे. आवाज बंद झाला तेव्हा जिथून वाट जायची तिथं उघडा लाल डोंगर होता, आणि धुक्यातून बारीक खडे गळत होते.

मी हिशेब केला. पहिल्या पावलाला निघाले असते तर? मी घसाऱ्यावर फार हळू चालायची. दरड सुटेपर्यंतच्या त्या आठ मिनिटांत पलीकडे पोचले असते का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मधल्या मोठ्या धोंड्यांपाशी मी बसून बसून सरकायची, आणि त्या पावसात तर... जाऊ दे. हाका मारल्या मी. "मामा! मामा!" पलीकडून काही आलं नाही.

मग डोकं ताळ्यावर आलं. दुसरी वाट होती, कड्याच्या माथ्यावरून पठाराला वळसा घालून. गुराख्यांची वाट, अडीच तासांची. मी ती दोन तासांत काढली. कशी, ते माझं मला माहीत नाही. दोनदा घसरून पडले, एक चप्पल गेली, पण पिशवी सोडली नाही.

वाडीत शिरले आणि मामी अंगणातच होत्या. मला बघून त्यांच्या हातातला तांब्या पडला. दरडीचा आवाज वाडीनं ऐकला होता. वाट गेल्याचं बघून आले होते लोक, आणि नर्सबाई त्याच सुमाराला यायची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामी माझ्या गळ्यात पडल्या, चेहरा चाचपला, आणि दुसऱ्या क्षणी मला आत ढकललं. आतून जनीचा आवाज, "आये, बाई आल्या का गं? गेल्या म्हनत व्हते ना?" मी म्हटलं, "कुठं जातेय मी? तुझं बाळंतपण कोण तुझा बाप करणार?" त्या अवस्थेत ती पोर हसली.

मुलाचा एक पाय नुकताच दिसायला लागला होता. सुईण ओढायच्या बेतात. मी तिचा हात धरला. "ओढायचं नाही. कुणी हातसुद्धा लावायचा नाही." पुढचा पाऊण तास मी वर्णन करत नाही, बायकांना कळेल. अंग कमरेपर्यंत आलं, खांदे सुटले आणि डोकं अडकलं. शिकवलेलं सगळं आठवत एकदाचं ते डोकंही सुटलं. मुलगी. निळी पडलेली, गप्प. पाठ चोळली, तोंड पुसलं, तळव्यावर टिचक्या मारल्या. "रड गं बाई, रड एकदा." आणि ती रडली. मग मामी रडल्या, सुईण रडली, मी तर भोकाडच पसरलं. डॉक्टर दुपारी माथ्याच्या वाटेनं आले तेव्हा आम्ही तिघीजणी कोरा चहा पीत बसलो होतो, आणि जनी अर्धवट झोपेत विचारत होती, पोरीचं नाक कुणासारखं आहे.

तो आवाज कुणाचा, याचा शोध मी घेतला नाही असं समजू नका. घाटघरात आणि वाडीत घराघरात विचारलं. त्या सकाळी घसाऱ्याकडे कुणीही गेलेलं नव्हतं. गेलं असतं तर खडकावरच्या माणसानं दरड बघून वाडीत बोंब ठोकली असती. कड्यातून माझाच आवाज परत आला म्हणावं, तर पहिल्या हाळीआधी मी काही बोललेच नव्हते. माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, "मावशी, तुझ्या मेंदूनं धोका आधीच ओळखला आणि ओळखीच्या आवाजात तुला सांगितलं." मला पटायला हवं असं हे उत्तर आहे. पण मेंदूनं ओळखलं कशावरून? पाणी नितळ होतं, वरून खडा पडत नव्हता. आणि माझं मन तर आरडाओरडा करून "जा, जा" म्हणत होतं. थांब म्हणणारं माझ्यात त्या वेळी कुणीच नव्हतं.

चार दिवसांनी एसटी सुरू झाली, तशी मी नारायणगावला गेले, मामांना भेटायला. नात झाल्याचं त्यांना कळलं होतं, दरडीचं कुणी सांगितलं नव्हतं. आधी मी त्यांच्या मुलाला व्हरांड्यात गाठून विचारलं, शनिवारी सकाळी साडेनऊला मामा काय करत होते? झोपेत होते का, बडबडले का, काही ओरडले का? तो म्हणाला, "कशाचं वो! आयाबाईंसंगं भांडत व्हतं. च्यात साकर घालत न्हाई म्हून." म्हणजे म्हातारा टक्क जागा होता, आणि चहाच्या कपात अडकलेला होता.

तरीही मी मनाशी ठरवून गेले होते की हे मामांचंच काम. लेकीवरची माया म्हणा, माझ्यावरची म्हणा. मला त्यांचे पाय धरायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा असलं काही मानायची माझी तयारी झाली होती, आणि तीही आनंदानं.

पलंगाशेजारी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. झरा, धुकं, पहिली हाळी, दुसरी हाळी, दरड. मामा छताकडे बघत ऐकत होते. मला वाटलं आता मिशीत हसतील, काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी नुसती मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले,

"जनी अडली व्हती, तवाची गोष्ट ना ही?"

"हो."

"आन तू वरडून सांगितलंस, जनी अडलीया म्हून?"

"हो. त्यानंतरच दुसऱ्यांदा बस म्हणालात ना तुम्ही."

मामांनी मान हलवली. "म्या न्हाई त्यो."

"अहो, तुमचाच आवाज होता. मी ओळखणार नाही का?"

"आवाज माजा आसंल. म्या न्हाई." त्यांनी माझा हात धरला. ऑपरेशनमुळे वळता येत नव्हतं, तरी माझ्याकडे वळायची धडपड करत होते. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. "म्या खडकावं असतो, आन तू हिकडनं वरडली असतीस की पोर अडलीया... तर म्या ये म्हनलो असतो, बाय. झरा बघितला नसता, डोंगर बघितला नसता. तुला ये म्हनलो असतो. माजी पोर व्हती तिकडं."

वॉर्डात आसपास माणसं होती, कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"मामा, मग मी आले असते," मी म्हणाले.

"त्ये ठावं हाय मला," मामा म्हणाले. "म्हून तर रडतुया."

मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. राग आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. बाप होते ते. त्यांच्या जागी मी असते आणि माझा लेक पलीकडे असता, तर मीही हेच केलं असतं. मामा पुढं बरीच वर्षं जगले, आणि घसाऱ्याचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. कधीकधी वाटतं, ते नाही म्हणाले नसते तर फार सोपं झालं असतं. त्यांच्या नावावर टाकून मी मोकळी झाले असते. आता त्या खडकावर कोण होतं, हे मला कोण सांगणार?